शिवेवरचा नंबर

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

पोचले एकदाची भीमपूरला. पांढरकवड्याहून आदिलाबादपर्यंत काही वाटलं नाही, पण तिथून तामसीवरून जी बस मिळाली तिने हाडं खिळखिळी केली. तरी आज मन खूश आहे. रस्त्याच्या दोन्ही अंगांनी कापूस फुटलाय, बाया ओटी बांधून वेचून राह्यल्या, आणि कानावर पडतं ते थेट आमच्याकडचं बोलणं. तेलंगणात आलेय हे कळायला दुकानांवरची नावं वाचावी लागतात.

खोली छान मिळाली. घरमालक भगवानराव आणि त्यांची बायको रेणुकाबाई, दोघंच असतात. मी लगेच काकाजी आणि काकू म्हणायला लागले. काकूंनी आल्याआल्या ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी पुढे केली, माझ्या अंगावर मांस नाही म्हणाल्या, आणि सहा वर्षांची लेक घरी टाकून एकटी काऊन आली बाई, हेही विचारून घेतलं.

आले ती लेकीसाठीच. आमच्या कंपनीने या एका मंडलातल्या, म्हणजे इथल्या तालुक्यातल्या, सगळ्या गाड्यांच्या पत्र्याच्या नंबरप्लेटा काढून डिजिटल बसवायचं काम घेतलंय. मी इथली सुपरवायझर. मंडल शंभर टक्के झालं की पांढरकवड्याला उघडणारं सेंटर मला, असा हैदराबादच्या साहेबांनी शब्द दिलाय. म्हणजे घर, नवरा जीवन, आणि रोज संध्याकाळी लेक रुपा. निघताना ती बापाच्या मागे तोंड लपवून उभी राहिली. महिना, फार तर दीड महिना. काढू.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

सेंटर म्हणजे ग्रामपंचायतीची जुनी खोली, एक पंखा, एक कॉम्प्युटर आणि रंजीता. ती इथलीच पोरगी, तोंडाची फटकळ, कामाला वाघ. माझं तिचं पहिल्याच दिवशी जमलं.

काम असं. जुन्या प्लेटा खोलायच्या, पत्रा कापायच्या कात्रीने त्यांचे तुकडे करायचे, तुकड्यांचा फोटो सिस्टीमला द्यायचा. तो गेला की मगच नवी प्लेट चालू होते आणि पडद्यावर गाडीचा नंबर उमटतो. तुकडे पोत्यात, पोतं आदिलाबादच्या गोदामात, तिथून भट्टीत. गाववाले नव्या प्लेटेला टीव्ही म्हणतात. किराणा दुकानवाले मारोतराव आज मोपेडला बसवून घेताना म्हणाले, पोरी, याच्यावर सिरियल कधी लागते ते सांग, मंग आमची म्हातारी बिना बोलावता मागंमागं येते.

एकच वैताग आहे. प्लेट बसली की बाया तिला हळदकुंकू लावतात. पडदा झाकला की सिस्टीमला वाटतं कोणी छेडछाड केली, आणि माझा फोन बोंबलायला लागतो. मी जाऊन पुसते. मी पाठ फिरवली की त्या पुन्हा लावतात. आज दिवसभर हाच धंदा केला.

शनिवार, १५ नोव्हेंबर

डोक्याचा भुगा झालाय. दुपारी सर्व्हर बसतो. मदत केंद्राला फोन लावला की आधी तेलुगू, मग हिंदी, मग गाणं. गाणं संपलं की फोन कट. तक्रार टाकली की लगेच निवारण झाल्याचा मेसेज येतो, आणि बिघाड होता तिथेच असतो. आज एका ट्रॅक्टरवाल्याने मला विचारलं, मॅडम, जुन्या पत्र्यात काय वाईट होतं, त्याले कधी नेटवर्क लागत नव्हतं. मी त्याला काय सांगणार, मलाही तेच वाटून राह्यलं.

तरी काम सरलं. पूर्ण मंडलात एकच गाडी बाकी आहे. आणि ती कुठे असावी? माझ्याच घरमालकाच्या अंगणात.

गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली मोटरसायकल उभी आहे. काकू त्या ताडपत्रीवर सांडगे वाळत घालतात. पुढे प्लेट नाही, मागे नाही. विचारलं तेव्हा कळलं, ती त्यांच्या राजकुमारची. एकुलता एक पोरगा. दोन वर्षांमागे गावाबाहेरच्या पुलियावरून, नाल्यावरच्या छोट्या पुलावरून, भरदिवसा नाल्यात गेला. समोरून गाडी नाही, ढोर नाही, रस्ता कोरडा. त्याच्या गाडीच्या प्लेटा शिवेवर आहेत.

इथे तशी रीत आहे म्हणे. गाडीवर माणूस गेला की तेरवीच्या आत तिच्या प्लेटा खोलायच्या, कुंकू लावायचं, आणि शिवेवर मरीमायच्या ओट्यामागे पालथ्या गाडायच्या. काकू भाकर थापता थापता सांगत होत्या. ज्या नंबरानं माणूस नेला तो नंबर वर ठेवत नसतात बाई, त्याचं तोंड मातीत ठेवा लागते, नाहीतर तो दुसरी गाडी पाहते. ज्यांचा पोरगा गेला त्यांच्याशी काय वाद घालायचा.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

साहेबांना फोन केला. म्हटलं, ती गाडी रस्त्यावर येत नाही, सोडून द्या. ते म्हणाले नोंदणी जिवंत आहे म्हणजे गाडी जिवंत आहे. मग नोंदणी रद्द करायची तर काकाजींची सही पाहिजे. काकाजी म्हणतात, पोराच्या नावावर एवढी एकच चीज राह्यली, ते बी खारीज करून टाकू काय. बरं, नवी प्लेट बसवू द्या म्हटलं, तर जुन्या दिल्याशिवाय नवी चालू होत नाही. जुन्या उकरून द्या म्हटलं, तर त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मीच मान खाली घातली.

म्हणजे एका सांडगे वाळवायच्या गाडीपायी माझं घर अडलंय. एवढा संताप येतो की भिंतीवर डोकं आपटावं. रात्रंदिवस राबून मंडल पूर्ण केलं ते या मातीत गाडलेल्या पत्र्यासाठी काय?

रुपाचा फोन आला होता. ती आता कधी येणार म्हणून विचारत नाही. शाळेतलं सांगते आणि बापाकडे फोन देते. ते मला फार लागलं.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

केलं मी ते.

काकाजी-काकू कापूस वेचायला शेतात गेले होते. मी खुरपं घेतलं आणि शिवेवर गेले. रंजीताला सोबत नेलं, पण ती रस्त्यावरच थांबली. म्हणाली मॅडम, मी हात नाही लावत आणि तुमीही लावू नका, साहेबाले सांगा, मी मेली तरी हे माझ्याच्यानं होत नाही. मी चिडून तिला बरंच बोलले. शिकलेली पोरगी असून असं वागते म्हणाले. ती दुसरीकडे तोंड करून उभी राहिली.

फार खोल नव्हत्या. लाल फडकं कुजलं होतं, पत्रा मात्र कालच बसवल्यासारखा. सुरुवातीला टी-एस शून्य एक, शेवटचे आकडे एक्केचाळीस सतरा. तिथेच कात्रीने कापल्या, फोटो काढला, तुकडे पोत्यात टाकले. घरी येऊन त्या मोटरसायकलवर नव्या प्लेटा बसवल्या. लगेच चालू झाल्या. फोनवर शंभर टक्के, अभिनंदन, आणि खाली गुलाबाच्या फुलाचं चित्र.

संध्याकाळी काकाजींनी ताडपत्री उचलून पाहिलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ओट्यावर बसले आणि बसूनच राहिले. काकूंनी मला ताट वाढलं, पण जेव म्हणाल्या नाहीत.

सोमवार, २४ नोव्हेंबर

काकाजींनी एकच मागणं केलं. तुकडे असले तरी चालतील, परत आणून दे पोरी, मी गाडतो. मी आदिलाबादच्या गोदामाला फोन केला. पोतं शनिवारीच भट्टीकडे गेलं. एरवी एक खिळा मागितला तर महिना लावतात.

मला खरंच वाईट वाटलं. काकाजींना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं की म्हणजे तो आता कुठंच नाही काय. मी म्हटलं नाही, वितळला. काकू आतून म्हणाल्या, तसं नसते.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

मारोतराव सकाळी चिडून सेंटरवर आले. त्यांच्या मोपेडवर दुसऱ्याचाच नंबर दिसून राह्यला म्हणे. बाहेर जाऊन पाहिलं. एक्केचाळीस सतरा.

मी प्लेट बंद करून चालू केली. तोच. फोटो काढून मदत केंद्राला पाठवला. उत्तर आलं की फोटोत नंबर बरोबर आहे, तक्रार बंद करत आहोत. मी फोनमध्ये पाहिलं, फोटोत खरंच बरोबर होता. समोर मोपेडवर मात्र एक्केचाळीस सतरा. रंजीतालाही दिसत होता, मारोतरावांनाही. मदत केंद्राशी अर्धा तास भांडले. पलीकडच्या पोराने मला डोळे तपासून घ्यायला सांगितलं.

मारोतराव वैतागून म्हणाले राहू दे बाई, नंबर कोणाचा का असेना, गाडी तर माझीच आहे. उद्या तामसीहून माल आणायचा आहे म्हणत ते निघून गेले.

बुधवार, २६ नोव्हेंबर

मारोतराव पुलियावर गेले. दुपारी, उन्हात. मागून बैलगाडीवाला येत होता, तो सांगतो की मोपेड सरळ चालली होती आणि सरळच नाल्यात गेली, जसा रस्ता तिकडेच होता. गाडी पाहिली मी. पडद्यावर मारोतरावांचा बरोबर नंबर होता.

घरी आल्यावर ताडपत्री उचलली. राजकुमारच्या गाडीच्या दोन्ही प्लेटा चालू आहेत, दिवा लागलाय. नंबर नाही. कोऱ्या आहेत.

हा सॉफ्टवेअरचा बिघाड आहे. असे बिघाड होतात. मी साहेबांना लिहिलं.

शनिवार, २९ नोव्हेंबर

साहेबांचं उत्तर आलं. माझी बदली मंजूर, आठ तारखेला पांढरकवड्याला हजर व्हायचं. नंबरबद्दल एक अक्षर नाही. पुन्हा लिहिलं. पुन्हा अभिनंदन.

जीवनला सांगितलं. मागून रुपाचा आवाज आला, किती दिवसांनी ती तशी किंचाळली. मी फोन ठेवून रडले.

दुपारी रंजीता आत आली आणि दाराशीच उभी राहिली. तिच्या स्कूटीवर एक्केचाळीस सतरा.

मी तिला म्हटलं गाडी इथेच सोड, चालत जा. पडद्यावर पोतं बांधलं. फोन बोंबलला, बोंबलू दिला. मग स्क्रू काढायला गेले तर ते गोल फिरतात, निघत नाहीत. मीच बसवलेले, चोरी होऊ नये म्हणून एकदाच बसणारे स्क्रू. साहेब म्हणाले होते, हीच आपली खासियत. छिन्नी लावली, हात सोलून निघाला. रंजीता म्हणाली, मॅडम, राहू द्या, मी चालतच जातो. ती मला एकदाही टोचून बोलली नाही.

सोमवार, १ डिसेंबर

काल रंजीताच्या बापाला चक्कर आली. बस गेलेली. शेजारच्यांच्या गाड्या शेतात. तिने सेंटरवरून स्कूटी काढली आणि गोळ्या आणायला तामसीकडे निघाली. जाताना पोतं सोडलं नव्हतं. पुलियावर पोतं गाडीवर तसंच बांधलेलं सापडलं.

मी तिच्या घरी गेले. तिच्या आईने मला पाणी दिलं. मी पेला तसाच खाली ठेवला.

मीच उकरलं. रंजीता रस्त्यावर उभी राहून सांगत होती.

बुधवार, ३ डिसेंबर

साहेबांना फोन. सगळ्या प्लेटा बंद करा म्हटलं. मंडलातल्या सगळ्या. ते म्हणाले, ताण आलाय तुम्हाला, सुट्टी घ्या. म्हटलं दोन माणसं मेली. ते म्हणाले, अपघाताचा विभाग वेगळा आहे. नंबर देऊ का त्यांचा.

फोन भिंतीवर मारला. फुटला नाही. फुटत तर काहीच नाही इथे.

काकाजींना विचारलं, दुसरं काही गाडून चालेल काय. कोरी प्लेट, कागदावर लिहून, काहीही. ते म्हणाले पत्रा पाहिजे पोरी, ज्याले त्या नंबराची सवय आहे. मंडलात आता पत्रा कुठे आहे? एकही ठेवला नाही मी. शंभर टक्के.

गुरुवार, ४ डिसेंबर

आज तो नंबर पिठाच्या गिरणीवाल्याच्या गाडीवर. त्याला ओरडून थांबवलं. तो गाडी टाकून पळाला. थोड्या वेळाने बसच्या प्लेटेवर. मग दूधवाल्याच्या. एका जागी थांबत नाही. शोधून राह्यला.

कोणी गाडी काढत नाही. कापूस दारात पडून आहे. माझ्याशी कोणी बोलत नाही. काकू तेवढ्या भाकर ठेवून जातात.

शुक्रवार, ५ डिसेंबर

जीवन म्हणतो, रविवारी मी आणि रुपा घ्यायला येतो. मी नाही म्हटलं. खूप भांडलो. तो म्हणाला तुझी तब्येत बरी नाही, साहेबांनी मलाही फोन केला होता. मागून रुपा विचारत होती, आई नाही येणार का आता. तिने पिशवी भरून ठेवलीय म्हणे, माझ्यासाठी चित्र काढलंय.

इथून निघायचं तर इथल्याच गाडीत बसावं लागेल. एकाही गाडीत बसायची हिंमत नाही.

मग सुचलं. जीवनची मोटरसायकल. महाराष्ट्राची, एम-एच एकोणतीस. पत्र्याची प्लेट. ठोकून उठवलेले आकडे, पडदा नाही, वायर नाही, कोणी काही बदलू शकत नाही. नंबर पडद्यावरूनच फिरतो, मी दहादा पाहिलंय. पत्र्यावर कसा जाईल?

शनिवार, ६ डिसेंबर

जीवनला सांगितलं. बस नाही, कोणाची कार नाही, तुझीच मोटरसायकल. आणि पुलियाच्या तिकडेच थांब, वर चढू नको. मी चालत पलीकडे येते. तो बरं म्हणाला, जसं आजारी माणसाला म्हणतात तसं. वचन घेतलं. रुपाकडूनही घेतलं. ती म्हणाली मी बाबाला ब्रेक लावायला सांगीन.

काकूंना सांगितलं. त्यांनी माझ्या हातावर कुंकवाची पुडी ठेवली.

आज गावात कुठल्याच गाडीवर तो नंबर नाही. सकाळपासून फिरले, सगळ्या पडद्यांवर ज्याचा त्याचा नंबर. गेला. गेला असेल. काकाजी म्हणाले, गेला म्हणजे कुठं गेला, ते पाहा.

रविवार, ७ डिसेंबर

पुलियाच्या कठड्यावर बसलेय. पिशवी पायाशी. ऊन छान आहे. वेळ जात नाही म्हणून लिहितेय.

फोन लागत नाही. गाडी चालवत असेल. नेटवर्क तसंही —

पलीकडे जाऊन बसू का. मघाशी गेले होते. मग वाटलं, मी इकडे पुलियावरच असले तर लांबून दिसेन, तो आधीच वेग कमी करेल.

येतेय एक गाडी. दोघं आहेत. पुढे टाकीवर कोणीतरी लहान, लाल स्वेटर. रुपाच. हात हलवतेय. मीही हलवला.

आता थांबेल. वचन दिलंय.

अजून येतोच आहे. कमी कर ना वेग — रुपा, सांग त्याला — ब्रेक दाबतोय, पाय दिसतो मला, दाबतोय तरी —

प्लेट पत्र्याचीच आहे. बरं. उन्हात चमकते. आकडे उठावाचे, आता नीट दिसतात, पहिलं अक्षर एम नाही, टी —